कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखालचा खड्डा महापुराने वाढतो की जूनच्या पहिल्या पाण्याने?

प्रश्न : नदीकाठचा पाणीवापरकर्ता

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमच्या गावाजवळ पंचगंगेच्या एका उपनदीवर कोल्हापूर पद्धतीचा जुना बंधारा आहे. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढून नदी मोकळी करायची, ही व्यवस्था आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. दोन्ही काठांच्या उपसा सिंचन योजना याच पाण्यावर चालतात. बरगे पूर्ण घातले की त्यांचा माथा खालच्या काँक्रीट फरशीपासून सुमारे तीन मीटर उंचीवर येतो. खांबांमधल्या गाळ्यांचा उंबरा फरशीपेक्षा अर्धा मीटर वर आहे, म्हणजे प्रत्यक्ष बरग्यांची उंची अडीच मीटर.

फरशी जिथे संपते तिथे नदीपात्रात मोठा खड्डा पडला असून तो हळूहळू फरशीच्या खाली शिरतो आहे. फरशीच्या शेवटच्या पट्ट्यावर पहारीने ठोकल्यास काही ठिकाणी पोकळ आवाज येतो. दुरुस्तीच्या चर्चेत बहुतेकांचे म्हणणे असे पडले की हे महापुराचे काम आहे आणि महापुरापुढे कोणाचेच चालत नाही. मला मात्र ते पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात हा बंधारा कित्येक दिवस पूर्ण पाण्याखाली होता, पण पाणी उतरल्यावर पाहिले तेव्हा खड्ड्यात फारसा फरक पडलेला नव्हता. याउलट एका वर्षी बरगे काढायला उशीर झाला, जूनच्या पहिल्या जोरदार पावसाने पाणी बरग्यांवरून वाहू लागले, तेव्हा मधले काही गाळे घाईघाईने तळापर्यंत मोकळे करण्यात आले. त्या एका आठवड्यात फरशीची कड तुटली आणि खड्डा दुप्पट झाला.

महापुराच्या तुलनेत जूनचे ते पाणी अगदीच थोडे होते. थोड्या पाण्याने जास्त नुकसान कसे होते? यात हायड्रॉलिक जंपचा, म्हणजे पाण्याच्या उसळीचा, संबंध आहे असे एका शाखा अभियंत्यांनी सांगितले, परंतु सविस्तर बोलणे होऊ शकले नाही. शिवाय फरशी लांब करून पुढे दगड भरावेत असा प्रस्ताव आहे. त्याने प्रश्न सुटेल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद : निवृत्त पाटबंधारे अभियंता

नमस्कार. आपले निरीक्षण अचूक आहे आणि ते लिहून ठेवण्याजोगे आहे. नदीत एकूण पाणी किती आले यावर बंधाऱ्याखालची खरवड ठरत नाही. फरशीवर पडणाऱ्या वेगवान पाण्याला अडवून धरण्याइतके पाणी खालच्या बाजूला उभे आहे की नाही, यावर ती ठरते. खालच्या बाजूच्या या पाण्याच्या पातळीला आम्ही टेलवॉटर म्हणतो, आणि आपल्याकडच्या बंधाऱ्यांच्या दुरुस्तीत सर्वांत कमी मोजली जाणारी गोष्ट हीच आहे.

माथ्यावरून पडलेले पाणी फरशीवर येते तेव्हा त्याचा थर पातळ आणि वेग मोठा असतो. असा वेगवान थर पुढे संथ व खोल पाण्याला भेटला की तो एकदम उंचावतो, त्यात भोवरे उठतात, पांढरा फेस येतो आणि त्या खळबळीत त्याची बरीचशी ऊर्जा नष्ट होते. हीच उसळी. ती फरशीवर झाली तर काँक्रीट मार सोसते आणि पुढे जाणारे पाणी शांत असते. मात्र उसळी कुठे होणार हे पाणी स्वतः ठरवते. येणाऱ्या थराची खोली आणि वेग यांवरून उसळीनंतरची एक ठरावीक खोली निघते, तिला अनुरूप खोली म्हणू. टेलवॉटर तेवढे असेल तर उसळी जागेवर राहते. कमी असेल तर ती पुढे ढकलली जाते आणि फरशी ओलांडून थेट पात्रात जाते. तसे झाले की तो वेगवान थर मुरुमावर आणि दगडावर उघडा पडतो.

आपण दिलेल्या मापांवर ढोबळ हिशेब करून दाखवतो. खांबांमुळे होणारे आकुंचन सोडून देतो, कारण निष्कर्ष त्याने बदलत नाही.

समजा सर्व गाळ्यांत बरगे आहेत आणि त्यांच्यावरून अर्धा मीटर पाणी जात आहे. दर मीटर रुंदीमागे विसर्ग १.७ गुणिले ०.५ चा दीड घात, म्हणजे सुमारे ०.६ घनमीटर प्रति सेकंद येतो. तीन मीटरवरून पडणाऱ्या अशा धारेसाठी रँड यांची समीकरणे वापरली तर फरशीवरच्या थराची जाडी जेमतेम दहा सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास निघतो. उसळी जागेवर राहण्यासाठी टेलवॉटर सुमारे ०.८४ मीटर हवे. धार भिंतीपासून साधारण सव्वादोन मीटरवर पडते आणि त्यापुढे उसळीची लांबी पाच मीटर, म्हणजे सात-साडेसात मीटर फरशी पुरेशी होते. वरच्या बाजूची एकूण ऊर्जा फरशीपासून साडेतीन मीटर धरली, तर पडण्यात आणि उसळीत मिळून त्यातली अडीच मीटरहून अधिक खर्ची पडते. उसळीनंतरचा वेग सेकंदाला पाऊण मीटरही उरत नाही.

आता मधल्या काही गाळ्यांतले बरगे तळापर्यंत काढले असे समजा. वरची पाणीपातळी अजून तशीच असते, त्यामुळे त्या गाळ्यांत उंबऱ्यावर तीन मीटर पाण्याचा रेटा येतो. विसर्ग दर मीटर रुंदीमागे १.७ गुणिले ३ चा दीड घात, म्हणजे जवळपास ८.८ घनमीटर प्रति सेकंद होतो. आधीच्या जवळजवळ पंधरा पट. फरशीवर हा थर १.३६ मीटर जाड असतो आणि त्याचा वेग सुमारे साडेसहा मीटर प्रति सेकंद असतो. त्याची अनुरूप खोली निघते २.८ मीटर. नदी मात्र अजून भरलेली नसते, खालच्या डोहांत आणि ओघळींत मीटरभरही पाणी नसते. उसळी फरशीवर टिकण्याचा प्रश्नच उरत नाही.

याहून गंभीर बाब पुढे आहे. समजा देवदयेने टेलवॉटर २.८ मीटर मिळाले, तरी ही उसळी दुबळी असते. फ्राउड अंक (प्रवाहाचा वेग आणि त्या खोलीवरील लाटेचा वेग यांचे गुणोत्तर; तो एकच्या वर असेल तरच उसळी होते) पावणेदोनच्या आसपास असल्यामुळे साडेतीन मीटर ऊर्जेपैकी ती केवळ ०.१९ मीटर नष्ट करते. उरलेली सगळी ऊर्जा पाणी आपल्याबरोबर पुढे नेते. मोकळ्या गाळ्यांतून निघालेला झोत मध्यभागी सरळ जातो, दोन्ही बाजूंना उलटे फिरणारे प्रवाह तयार होतात आणि ते काठाकडचा व फरशीच्या कडेचा माल ओढून नेतात. आपल्या बंधाऱ्याची कड त्या आठवड्यात का तुटली, याचे उत्तर मला यात दिसते.

महापुराचे गणित याच्या उलट असते. बरगे निघालेले असतात, दोन्ही बाजूंना सहा-सात मीटर पाणी असते आणि वरच्या-खालच्या पातळीतला फरक काही सेंटिमीटरांचा असतो. दर मीटर रुंदीमागे दहा घनमीटर विसर्ग आणि सहा मीटर खोली धरली तर वेग १.७ मीटरच्या आत आणि फ्राउड अंक ०.२२ येतो. हा अंक कुठेही एकच्या वर जात नाही, म्हणून उसळी होतच नाही. बंधारा बुडालेला असतो, आणि बुडालेला असतो म्हणूनच सुरक्षित असतो. महापुरात धोका असतो तो काठ खचण्याचा, बंधाऱ्याला बगल देऊन नदी वळण्याचा आणि ओंडके खांबांवर आदळण्याचा. हे धोके कमी नाहीत, परंतु फरशीपुढच्या खड्ड्याशी त्यांचा संबंध थोडा आहे.

म्हणून संकल्पचित्र करताना केवळ महत्तम पुरासाठी फरशी तपासून भागत नाही. कमी, मध्यम आणि मोठा असे अनेक विसर्ग घेऊन प्रत्येकाची अनुरूप खोली आणि त्या विसर्गाला नदीत प्रत्यक्ष मिळणारे टेलवॉटर हे दोन वक्र एकाच कागदावर काढावे लागतात. ते जिथे सर्वांत जास्त दुरावतात, तो विसर्ग आपला खरा शत्रू. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात यात आणखी एक बाब मिळवावी लागते, ती म्हणजे त्या क्षणी किती बरगे कोणत्या गाळ्यांत आहेत.

प्रतिसाद : बांधकाम क्षेत्रातील एक सदस्य

वरील विवेचन समजले, तरी एक व्यावहारिक शंका आहे. बरगे वेळेवर निघणे हे नेहमी आपल्या हातात नसते. मजूर मिळत नाहीत, ओले बरगे खाचांत फुगून बसतात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी साठलेले पाणी सोडून द्यायला कोणीही राजी नसते. पाऊस लांबला तर उसाचे काय, असा प्रश्न असतो आणि तो रास्त असतो. अशा परिस्थितीत फरशी आणखी दहा मीटर पुढे नेली आणि तिच्यापुढे मोठे दगड टाकून जाळीने बांधले, तर झोत कुठेही गेला तरी काय बिघडेल? खर्च होईल, पण माणसांवर विसंबून राहावे लागणार नाही.

प्रतिसाद : द्रवगतिशास्त्राचे अध्यापन करणारी सदस्य

फरशी लांब करण्याचा मार्ग सर्वांना आधी सुचतो, आणि उसळी जिथल्या तिथे राहत असेल तर तो योग्यही ठरतो. पण उसळी पुढे ढकलली जात असेल तर परिस्थिती वेगळी असते. गुळगुळीत काँक्रीटवर घर्षण फार थोडे असते. सहा मीटर वेगाचा दीड मीटर जाड थर दहा मीटर फरशी ओलांडताना आपला वेग जवळजवळ तसाच राखतो. म्हणजे दहा मीटर फरशी वाढवल्यावर खड्डा दहा मीटर पुढे पडेल, एवढाच बदल होईल. तो पुन्हा मागे सरकत फरशीखाली येणार, हे ओघाने आलेच.

दगडांचेही तेच. प्रवाहाने दगड हलू नये यासाठी इझ्बाश यांचे सूत्र सर्वत्र वापरले जाते. सेकंदाला तीन मीटर वेगासाठी, प्रवाह फारसा खळबळता नसेल तर, सुमारे वीस सेंटिमीटरचा दगड पुरतो. वेग सहा मीटर झाला की दगडाचा आकार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पाऊण मीटरवर जातो. खळबळ जास्त असेल तर सुरक्षित आकार दीड मीटरपर्यंत पोचतो. असे दगड आणून बसवणे बहुतेक गावांच्या आवाक्याबाहेरचे आहे. जाळीत बांधलेले लहान दगड काही काळ टिकतात, परंतु वाहत्या गोट्यांनी तारा घासून तुटल्या की आतले दगड एका पावसात निघून जातात.

त्यामुळे वेग कमी करण्याचे काम फरशीवरच व्हायला हवे. त्यासाठी टेलवॉटर वाढवावे लागते किंवा फरशी खाली न्यावी लागते. फरशी नदीतळाच्या खाली खोदून बसवली, तर तिच्यावर उभे राहणारे पाणी तेवढ्याने वाढते. धरणांखालची उसळीची कुंडे याच तत्त्वावर बांधतात आणि भारतीय मानक ४९९७ मध्ये त्यांचे निकष दिलेले आहेत. जुन्या बंधाऱ्याला मात्र हे करणे अवघड जाते, कारण खोदताना खांबांच्या पायालाच धक्का लागण्याची भीती असते. तेथे दुसरा उपाय मला अधिक योग्य वाटतो. मुख्य बंधाऱ्यापासून दहा-बारा मीटर खाली, उसळी जिथे संपते त्याच्या पुढे, पात्राच्या पूर्ण रुंदीत अर्धा मीटर उंचीचा पक्का दुय्यम बंधारा घालावा. वरील प्रतिसादातील पहिल्या उदाहरणात दर मीटरला ०.६ घनमीटर पाणी येते. ते या दुय्यम बंधाऱ्यावरून जाताना त्याच्या माथ्यावर अर्धा मीटर चढते, म्हणजे मागे एक मीटर पाणी उभे राहते. गरज ०.८४ मीटरची होती, ती भागते. पावसाच्या पहिल्या दिवशी खालची नदी कोरडी असली तरीसुद्धा भागते, आणि या उपायाचे खरे मोल तिथे आहे. मात्र पाया खडकात हवा, कारण दुय्यम बंधाऱ्याखालीही लहानशी धार पडणारच.

तळापर्यंत मोकळ्या केलेल्या एखाद्या गाळ्याचा झोत मात्र दुय्यम बंधाऱ्यालाही आवरणार नाही. २.८ मीटर टेलवॉटर देणारा दुय्यम बंधारा म्हणजे दुसरा मुख्य बंधाराच झाला. त्यासाठी बरगे काढण्याची शिस्त हाच उपाय आहे. आपण म्हणता त्या अडचणी खऱ्या आहेत, तरीही बरगे एका गाळ्यातून तळापर्यंत काढण्याऐवजी सर्व गाळ्यांतून एकेक थर उतरवत न्यावेत. श्रम तेवढेच लागतात, आणि विसर्ग पूर्ण रुंदीत विभागला जाऊन खालची नदी हळूहळू भरते. मोठ्या बराजांवर दरवाजे चालवताना हाच नियम पाळतात. सगळे दरवाजे थोडेथोडे उचलतात, एकच दरवाजा पूर्ण उचलत नाहीत.

आता पोकळ आवाजाविषयी. हा मुद्दा स्वतंत्र आहे आणि माझ्या मते अधिक तातडीचा आहे. फरशीवर वरून पाण्याचे वजन असते आणि खालून, पायातून झिरपलेल्या पाण्याचा वर उचलणारा दाब असतो. उसळीच्या अगदी आधी फरशीवर दहा सेंटिमीटरचा थर असतो, म्हणजे वरचे वजन नगण्य, तर खालचा दाब वरच्या बाजूच्या साठ्याशी जोडलेला. उसळीच्या पुढे पाणी खोल असल्यामुळे तोल सावरतो. त्यामुळे फरशीची जाडी उसळीच्या या पायथ्याशी सर्वांत काटेकोरपणे तपासावी लागते. चिनाब नदीवरील खानकीचा बंधारा १८९५ मध्ये आणि गंगेवरील नरोऱ्याचा बंधारा १८९८ मध्ये फुटला, तेव्हापासून झिरपणाऱ्या पाण्याचा हा प्रश्न आपल्याकडच्या अभियंत्यांना छळत होता. खोसला, बोस आणि टेलर यांनी १९३६ मध्ये झिरपणाऱ्या पायावरील बंधाऱ्यांचे गणित मांडले, त्यानंतर फरशीच्या जाडीचा आणि कट-ऑफ भिंतीच्या, म्हणजे फरशीखाली झिरपा अडवण्यासाठी खोल नेलेल्या भिंतीच्या, खोलीचा निर्णय पक्क्या आधारावर आला.

त्यांचा विचार मुख्यतः वाळूच्या पायासाठी होता, आणि आपल्याकडे बहुधा बेसॉल्ट असतो. पण बेसॉल्टवर आंधळा विश्वास ठेवू नये. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबडा, गेरूसारखा मऊ थर असतो, तो पाण्याने सहज धुतला जातो आणि वरचा कठीण खडक अधांतरी राहतो. फटी असलेल्या खडकात उसळीचा कमी-जास्त होणारा दाब फटींत शिरून दगडाचे ठोकळे उचलतो, हेही घडते. म्हणून दुरुस्तीआधी फरशीखाली काय आहे हे छिद्रे घेऊन पाहावे. पोकळी असेल तर प्रथम ती सिमेंटच्या ग्राउटने, म्हणजे पातळ घोळाने, भरावी, फरशी खडकाला सळयांनी जखडावी आणि शेवटच्या कडेला कठीण खडकापर्यंत कट-ऑफ भिंत न्यावी. हे न करता वरून नवा काँक्रीटचा थर ओतला, तर पैसा पोकळीवर ओतल्यासारखा होईल.

प्रतिसाद : कालव्यावरील क्षेत्रीय कर्मचारी

या चर्चेत कालव्यावरचा एक अनुभव जोडतो, कारण उसळी आणि टेलवॉटर यांचे नाते तिथे रोज डोळ्यांना दिसते.

आमच्याकडे कालव्याच्या आणि वितरिकांच्या मुखाशी पाणी मोजण्यासाठी स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम असतात. मुंबई इलाख्यात सर क्लॉड इंग्लिस यांनी या फ्ल्यूमचा पाया घातला आणि महाराष्ट्रातील कालव्यांवर ते आजही मोठ्या संख्येने आहेत. अरुंद गळ्यातून पाणी उतारावर येते, वेग घेते आणि उताराखाली उसळी घेते. उसळीच्या वरच्या भागात प्रवाह इतका वेगवान असतो की खालच्या पातळीतला बदल उलट वर पोचूच शकत नाही. त्यामुळे विसर्ग केवळ वरच्या गेजवरून, म्हणजे पाणीपातळी मोजण्याच्या पट्टीवरून, काढता येतो. उसळी स्पष्ट दिसते आहे, एवढ्यावरूनच मोजणी विश्वासार्ह आहे हे कळते.

खालच्या बाजूला गाळ साठला किंवा गवत माजले की पाणी तुंबते, उसळी उतारावर वर चढत येते आणि शेवटी बुडते. बुडाली की गेज पूर्वीचाच आकडा दाखवतो आणि प्रत्यक्ष पाणी मात्र कमी जाते. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यायचे असते. तेव्हा अशा बुडालेल्या फ्ल्यूमवर संस्थेला न मिळालेल्या पाण्याची आकारणी होऊ शकते. म्हणून फ्ल्यूमखालचा कालवा स्वच्छ ठेवण्याचा आग्रह प्रत्येक संस्थेने धरावा असे मला मनापासून वाटते.

फ्ल्यूमखाली टेलवॉटर वाढले की नुकसान होते आणि बंधाऱ्याखाली ते घटले की नुकसान होते. आणखी एक विचारतो. आपल्या बंधाऱ्याच्या खाली गेल्या काही वर्षांत वाळूचा किंवा मुरुमाचा उपसा झाला आहे का? पात्र खाली गेले की त्याच विसर्गाला पाण्याची पातळीही खाली जाते. बांधताना बरोबर असलेली फरशी त्यामुळे तोकडी पडते, जरी बंधाऱ्यात काहीही बदललेले नसले तरी.

प्रतिसाद : नदीकाठचा पाणीवापरकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. वाळूविषयीची शंका खरी आहे. बंधाऱ्याखालच्या वळणावर अनेक वर्षे उपसा होत होता, आणि पूर्वी उन्हाळ्यातही जिथे गुडघाभर पाणी असे तिथे आता उघडा खडक दिसतो. या गोष्टीचा फरशीशी संबंध असू शकेल असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते.

पुढील बैठकीत विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर आम्ही काय घेऊन जावे? दुय्यम बंधाऱ्याची मागणी लगेच करावी की आधी काही मोजमापे लागतील?

प्रतिसाद : निवृत्त पाटबंधारे अभियंता

आधी मोजमापे घ्या, कारण दुय्यम बंधाऱ्याची उंची आणि जागा त्यांच्यावरच ठरणार आहे. अंदाजाने घातलेला दुय्यम बंधारा फार उंच झाला तर पुराला अडथळा होतो, आणि फार ठेंगणा झाला तर उपयोग होत नाही.

पहिले काम बंधाऱ्यापासून खाली निदान अर्धा किलोमीटर नदीतळाच्या पातळ्या घेण्याचे. मूळ नकाशात बांधकामाच्या वेळचा तळ दाखवलेला असतो, उपविभागाकडे तो मागावा. दोन्हींतील फरक म्हणजे उपशाने आणि खरवडीने गेलेली उंची. नदीच्या उताराचे महत्त्व किती आहे ते पाहा. दर मीटरला ०.६ घनमीटर विसर्गासाठी, खडबडीतपणाचा गुणांक ०.०३५ धरून, उतार दोन हजारात एक असेल तर खोली ०.९६ मीटर येते. म्हणजे उसळी जागेवर राहते. उतार हजारात एक असेल तर तीच खोली ०.७८ मीटर होते आणि उसळी सरकू लागते. इतक्या बारीक फरकावर फरशीचे भवितव्य ठरते. त्यातही तळ खाली गेला असेल, तर ही खोली फरशीच्या पातळीपासून नव्हे, त्या खालच्या तळापासून मोजली जाते हे विसरू नये.

दुसरे काम या पावसाळ्यापूर्वीच करता येईल. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि खाली पंधरा-वीस मीटरवर काठाच्या पक्क्या दगडावर किंवा भिंतीवर रंगाने गेजपट्टी आखा. दोन्ही पट्ट्यांचा शून्य फरशीच्या एकाच पातळीला जोडून घ्या, नाहीतर नोंदींची तुलना करता येणार नाही. जूनमध्ये पाणी वाढत असताना दर दोन तासांनी दोन्ही पातळ्या, कोणत्या गाळ्यात किती बरगे आहेत आणि फेसाळ उसळी फरशीवर आहे की पुढे, एवढे वहीत नोंदवावे. रात्री कोणी पात्राजवळ जाऊ नये. दिवसाच्या नोंदी पुरेशा आहेत. उसळीची छायाचित्रे काठावरच्या एकाच ठरावीक जागेवरून घेतली तर ती सरकते कशी हे अधिकाऱ्यांना बैठकीत दाखवता येईल.

पोकळीचे काम मात्र या नोंदींसाठी थांबवू नका. ग्राउट आणि कडेची कट-ऑफ भिंत यांची मागणी आत्ताच लेखी करावी, आणि ही कामे बरगे निघाल्यानंतर, पण पहिल्या पावसाआधी पूर्ण व्हावीत असा आग्रह धरावा. तेवढा अवधी मिळणार नसेल तर यंदा बरग्यांचे वरचे एक-दोन थर घालूच नयेत. पडण्याची उंची आणि पायातला दाब दोन्ही त्याने कमी होतात. साठा घटेल, त्याची झळ शेवटच्या उपसा योजनांना बसेल, म्हणून पाळ्या कशा लावायच्या हे सर्व संस्थांनी ऑक्टोबरमध्ये, बरगे घालण्याच्या आधीच एकत्र बसून ठरवलेले बरे.